बझरची वायर

मुरुम गावच्या पेठेत संघपालचा लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ आहे. एडिटिंगसाठी त्यानं मोठ्या हौसेनं पाण्यानं थंड होणारा कॉम्प्युटर जोडून घेतला होता. आत छोटा पंप, नळ्या आणि पाणी गार करणारे पंखे. पण पंखे सदा पूर्ण वेगानं फिरायचे. आवाज रेकॉर्ड करायला बसलं की माइकमध्ये त्यांचीच घरघर यायची.

धाकटी बहीण प्रीती तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून घरीच होती. "दादा, म्या बघू का करून?" म्हणाली. सुटे भाग मागवून तिनं कंट्रोलर बनवला. पाणी जेवढं तापेल तेवढे पंखे जोरात फिरायचे, एरवी हळू. पंप थांबला तर वाजायला एक बझरही तिनं बसवला. दुकानात येईल त्याला संघपाल कौतुकानं सांगायचा, "आमच्या प्रीतीनं केलंय." शेजारचा गाळा घेऊन असलीच कामं करायची, असं ती बोलायला लागली होती.

उन्हाळ्यात लाइट सारखी जायची, यायची. आली की बझर उगाच वाजायचा. एकदा रेकॉर्डिंगमध्येच वाजला, तेव्हा संघपालनं वैतागून त्याची वायर काढली, टोकाला टेप गुंडाळली आणि परत लावायचं विसरून गेला.

पुढं एका दुपारी व्हिडिओ तयार व्हायला लावून तो दुकानामागच्या घरी जेवायला गेला आणि इकडं पंप बंद पडला. पाणी तापून नळी निसटली, सगळं आत सांडलं. हार्ड डिस्क गेली. गावातल्या बंडप्पांच्या लेकीच्या हळदीचं शूटिंग त्यातच होतं.

बंडप्पा दुकानात येऊन उभे राहिले. प्रीती कॉम्प्युटर उघडून आत बघत होती. त्यांच्यादेखत संघपाल म्हणाला, "हिच्या नादाला लागलो, तिथंच चुकलं. सगळा पोरखेळ."

प्रीतीनं एकदा वर पाहिलं, हात पुसले आणि घरी गेली. गाळ्याचा विषय तिनं परत काढला नाही. उमरग्यात एका कापड दुकानात बिलं करायची नोकरी धरली आणि तिथंच खोली घेऊन राहिली.

दिवाळीची साफसफाई करताना कंट्रोलर संघपालच्या हाती लागला. टेप गुंडाळलेली वायर लोंबत होती. ती आपणच काढली होती, हे त्याला आठवलं. तसाच उठून उमरग्याला गेला.

"बझरची वायर म्याच काढली होती, प्रीती."

"व्हय. त्याच दिवशी दिसली मला."

"मग बोलली का न्हाईस?"

"बंडप्पाकाका समोर होते. अन् तुझं तर बोलून झालं होतं."

त्यानं बंडप्पांना खरं सांगायचं कबूल केलं. मग चाचरत म्हणाला, "गाळा अजून रिकामाच हाय. परत करशील का काम?"

प्रीतीनं त्याच्यापुढं चहा ठेवला. "आता त्यात मन लागत न्हाय, दादा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काही बोलता तरी आलं असतं.

बंडप्पांना त्यानं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरगी काय करते आता?"

संघपालला ते सांगणंच जास्त जड गेलं.