मुलं किती?

माझ्या पणजीने स्वतःच्या दोन मुली मोजल्याच नाहीत.

खोटं नाही बोलली हो. प्रश्नच तसा होता.

आज आप्पांची पुण्यतिथी. आप्पा म्हणजे माझे आजोबा.
एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. सोलापुरात गिरणीमागच्या आमच्या गल्लीत शाळा काढायची का नाही, हे ठरवायला घरोघरी माहिती घ्यायचं काम त्यांना मिळालं. वय वीस. हातात छापील फॉर्म.

चाळीस मुलं भरली तर शाळा. नाहीतर विषय संपला.

फॉर्मवर प्रश्न होता, 'शाळेच्या वयाची मुलं किती?'
सगळी गल्ली पालथी घातली. बेरीज सव्वीस.

आप्पांचं डोकंच फिरलं. दारादारात लेकरं, आणि कागदावर सव्वीस?

घरी येऊन आपल्याच आईला विचारलं, "आई, तुला मुलं किती?"
"तीन की."
"आणि अक्का? सुंदरा?"
"त्या पोरी हायत. तू मुलं इचारलास नव्हं?"

आप्पा सांगायचे, "आधी मी तिच्यावर चिडलो. मग कळलं, गाढव मीच."

काम देणारे साहेब म्हणाले, "मग 'मुलं-मुली' असं विचार."
विचारलं. तर एका बाईने सासरी नांदणाऱ्या तिन्ही लेकी सांगून टाकल्या. त्यातली एक बाळंतीण.

शेवटी आप्पांनी फॉर्मच्या मागे पेन्सिलने स्वतःचा प्रश्न लिहिला.
'या घरात राहणारी, सहा ते बारा वर्षांची लेकरं एकेक नाव घेऊन सांगा. आधी पोरी, मग पोरं.'

पोरी आधी. काय डोकं म्हणायचं हे.

पुन्हा तीच गल्ली, तीच दारं. लोक वैतागले. "परवाच सांगितलं की वो." एका घरात तर पाणीसुद्धा विचारलं नाही.

बेरीज एकोणपन्नास.
शाळा झाली. सुंदराआजी पहिल्याच दिवशी जाऊन बसली.

मी आता ऑफिसात सर्व्हेचे फॉर्म बनवतो. लॅपटॉप आहे, टीम आहे, ट्रेनिंग झालंय. तरी आप्पांइतका सरळ प्रश्न मला अजून जमलेला नाही, खरंच सांगतो.

हे मी त्यांना एकदा म्हणालो सुद्धा. "आप्पा, काय भारी प्रश्न काढलात."

"भारी कसला," ते म्हणाले. "अक्का त्यात बसली न्हाय. सुंदराची अक्का म्हणून सगळ्यांचीच अक्का, पण बारा वर्षांचीच होती. आणि लग्न करून वळसंगला सासरी धाडलेली. 'या घरात राहणारी' नव्हती ना ती."



आप्पा, तुम्हाला मनापासून नमस्कार.
आणि अक्काआजी, तुम्हालाही.