हवालदाराची बहीण

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या दोन वर्षांत मी सांगलीच्या एका साप्ताहिकात उपसंपादक होतो. बाजारभाव, अपघात, कोर्टाचे निकाल, सभांचे वृत्तान्त हे माझं काम. कथा लिहिणारे गृहस्थ आजारी पडले तेव्हा संपादकांनी ते कामही माझ्याकडे दिलं.

त्यांची एक अट होती. पात्र कागदावर येण्याआधी त्याचा मागचा सगळा इतिहास वहीत लिहून काढायचा. ते म्हणाले, "अपघातात मेलेल्या माणसाचं गाव विचारता ना? मग कथेतल्या जिवंत माणसाचं का नाही विचारत?"

मी पलटणीतला एक हवालदार घेतला आणि वहीची पाच पानं भरली. गाव माण तालुक्यातलं. सात एकर कोरडवाहू. वडील गेल्यावर अर्ध्यावर सोडलेली विहीर, खाली काळा पाषाण. आईला दमा. शिक्षण सातवीपर्यंत. लग्न का झालं नाही, हेही ठरवावं लागलं. बहिणीचा एक डोळा देवीत गेलेला, म्हणून तिला स्थळ मिळत नव्हतं. तिच्या आधी आपण बोहल्यावर चढायचं नाही आणि मुलीच्या अंगातलं व्यंग बघून नकार द्यायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. बहिणीबद्दल वहीत एकच ओळ होती. डोळ्याने अधू.

कथा ब्रह्मदेशातून घरी धाडलेल्या पत्रांची होती. मला लिहिता येत होतं ते बातमीसारखंच. विहिरीची खोली किती हात, आईला धाप कोणत्या महिन्यात लागते, लग्नाबद्दल त्याने काय ठरवलं आहे, हे सगळं पत्रांत आलं. त्याच सुमारास सरकारने कागद कमी केला आणि साप्ताहिक चार पानांवर आलं. तिसऱ्या पत्रापासून वरचा 'कथा' हा शब्द जागेसाठी गेला. आता वाचक ती पत्रं खरी समजतील, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

पौषात एक शेतकरी कचेरीत आले. इस्लामपूरच्या बाजूचे, पन्नाशीचे, उसाचं रान असलेले. पटक्यातून त्यांनी आमच्या अंकाची सहा कात्रणं काढून टेबलावर ओळीने लावली. त्यांची मुलगी चौथी शिकलेली होती आणि अंक वाचून दाखवायची. आठ वर्षांची असताना गुऱ्हाळात तिच्या डाव्या हातावर उकळता पाक सांडला होता. बोटं एकमेकांना चिकटून गेली. आता ती एकोणीस वर्षांची होती, आणि आलेली सगळी स्थळं हात बघून परत गेली होती.

"माणात दोन गावं फिरलो. विहिरी लय घावल्या, हवालदार घावंना," ते म्हणाले. "नाव तेवढं तुमी छापलं न्हाई. खात्याचा नियम असंल. माझा मेव्हणा बी पलटणीत हाय. तवा नाव सांगू नका, ही स्थळाची चिठ्ठी तेवढी धाडा. पोरीच्या हातनं लिवून घेतलीया."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चिठ्ठी घेतली.

ती आठ दिवस खणात होती. हवालदार काय उत्तर देईल, हे मला शब्दाशब्दाने माहीत होतं. त्याच्या वतीने आपणच नकार लिहून धाडावा, तोही सभ्य भाषेत, असंही मनात आलं. संपादकांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की, दुरुस्ती छापायची तर आधी ज्याच्या बाबतीत चूक झाली त्याच्या दारात जाऊन सांगावी.

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने मी इस्लामपूरला गेलो, पुढे चालत. गुऱ्हाळ चालू होतं. मुलगी चुलाणाजवळ उभी होती, पदराखाली डावा हात. मी वडिलांना बाजूला घेऊन म्हणालो, "मामा, तो हवालदार नाही."

त्यांनी पटका काढून हातात घेतला. "कवा गेला?"

तो गेला नाही, तो कधी नव्हताच, मी लिहून काढलेला माणूस आहे, हे मला तीन वेळा सांगावं लागलं. समजल्यावर ते रागावले नाहीत. चिपाडांच्या ढिगावर बसून राहिले. मुलीने ऐकलं होतं. ती जवळ आली आणि तिने चिठ्ठी मागितली. मी दिली. ती उघडलेली नाही, हे तिने उलटून पाहिलं.

मग विचारलं, "आन् बहीण?"

"तीही लिहिलेलीच."

"हवालदाराची हीर किती हात, ते बी लिवलं तुमी. बहिणीचा निस्ता डोळा. तिला काय येतं, काय आवडतं, कायबी न्हाई. भाऊ चांगला दिसावा म्हणून ठेवलीया तिला." ती थांबली. "बघायला येणारी बी एवढंच बघत्यात."

तेवढ्यात गूळ शिजवणाऱ्या गुळव्याने हाक मारली आणि ती गेली. उकळत्या रसाची काहील कधी उतरवायची, हे गुळव्या तिला विचारत होता. ती डोळे मिटून उकळीचा आवाज ऐकायची आणि मान हलवायची. वडील म्हणाले, दोन हंगामांत एकही काहील करपली नव्हती. घरी आलेल्या पाहुण्यांना हे कुणी सांगितलं होतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "कोण इचारतंय?"

पुढच्या अंकात 'कथा' हा शब्द ठळक टाइपात परत आला, खाली चुकीची कबुली. त्यानंतरची चार पत्रं बहिणीने भावाला लिहिलेली होती. ती लिहिण्याआधी वहीत तिची सात पानं झाली. तिला मी शेळ्यांची पारख दिली. गुळाची गोष्ट मी घेतली नाही. ती दुसऱ्या कुणाची होती.

फाल्गुनात एक कार्ड आलं. अक्षर मुलीचं. बहिणीची पत्रं वाचली, शेळीच्या दातांबद्दल लिहिलं आहे ते चूक आहे, एवढं आधी होतं. शेवटी लिहिलं होतं: "गेल्या सोमवारी कऱ्हाडकडचे पाहुणे आले. हात बघितला. मग मी गुळाबद्दल बोलले, त्यांनी ऐकून घेतलं. जेवून गेले. निरोप अजून नाही."