उभ्या सायकलीची शर्यत

माझे सासरे तरुणपणी सायकलच्या शर्यती जिंकायचे, त्याही न हलता. लग्नानंतर हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, नव्या सुनेची गंमत करतायत.

त्यांच्या तरुणपणी गावात लाकडी फळ्यांचा गोल ट्रॅक नवाच झाला होता. एका वेळी दोघेच धावत. पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा आणि मागच्याने त्याच्या आडोशाने येऊन ऐनवेळी पुढे निसटायचं, त्यामुळे आधी निघायला कुणी तयार नसे. सासरे सायकल जागच्या जागी तोलून उभे राहत. समोरचा कंटाळून निघाला की संपलाच. लोक त्यांना ‘खांब’ म्हणत.

हे सांगताना त्यांचे डोळे मिटत. उभं राहता राहता म्हणे लोकांचा गलका दूर जायचा, फळ्यांना तापल्या लाकडाचा वास सुटायचा आणि झोपेत तरंगतोय असं वाटायचं.

शेवटची शर्यत सख्ख्या धाकट्या भावाशी झाली. दोघेही एकाच माळेचे मणी, कोण हलणार? ऊन उतरलं, माणसं घरी गेली. वैतागून पंचांनी थोरला म्हणून सासऱ्यांना जिंकवलं आणि धाकट्याने अबोला धरला. “आधी त्यानं बोलावं,” सासरे म्हणायचे. धाकटेही तेच म्हणत असणार. ट्रॅक मोडला, दोघांना नातवंडं झाली. घरं गल्लीत समोरासमोर, आणि हे दोन शहाणे आपापल्या खिडकीत. मला तर दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटत.

एका सकाळी समोरून चुलत सासूबाई आल्या. “यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. मलाच विचारतात, तुम्ही कोण.”

सासऱ्यांनी चहा तसाच ठेवला आणि अनवाणी गल्ली ओलांडली. मी त्यांच्या मागे गेले.

धाकटे खुर्चीत ताठ बसले होते, नजर समोर. सासरे त्यांच्या पायाशी बसले. “मी आलो रे. आधी मीच आलो.”

“हळू बोला,” धाकटे कुजबुजले. “दादा शेजारी उभा आहे. तो निघेपर्यंत मला हलायचं नाही.”

“निघाला तो. तू जिंकलास.”

“छे. तुम्ही ओळखत नाही त्याला,” धाकटे अभिमानाने हसले. “माझा दादा आधी निघणाऱ्यातला नाही.”

सासऱ्यांनी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखे रडले.