फायलीत लागलेला पालक

माझा संशयावर फार विश्वास आहे. संसार, नोकरी आणि भाजी या तिन्ही गोष्टी मी त्याच्याच जोरावर चालवल्या. त्यामुळे मोशीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी दर रविवारी चाकणकडच्या शेतकऱ्यांचा एक गट विनाफवारणीची भाजी घेऊन बसू लागला, तेव्हा मी हरखून गेले. संशय घ्यायला एवढं मोकळं मैदान बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

सोसायटीने लगेच कसोटीही शोधली. पानाला भोक म्हणजे अळीने खाल्लंय, अळीने खाल्लंय म्हणजे विष नाही. झालं! पूर्वी किडकी जुडी भाजीवाल्याच्या अंगावर टाकणारी मंडळी आता भोकं शोधून शोधून जुड्या उचलू लागली. गटातला एक तरुण शेतकरी आठवडाभर कंपनीत शिफ्ट करायचा आणि उरलेल्या वेळात शेती. त्याचा पालक मात्र इस्त्री केल्यासारखा. त्याच्याकडे कुणी फिरकेना. "एवढा स्वच्छ? फवारलाय बरं का," असं आम्ही त्याला नीट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात बोलायचो.

आणि एका रविवारी त्याच्या पालकाला भोकं पडली. जुड्या हातोहात गेल्या. मीही घेतली. घरी निवडायला बसले आणि हात थांबला. वरच्या प्रत्येक पानाच्या कडेला दोन भोकं. अगदी गोल. सगळीकडे तेवढ्याच अंतरावर. माझी उभी नोकरी फायलींत गेलेली. मी उठले, कपाटातून वीजबिलांची फाईल काढली आणि तिच्या दोन टोकांच्या पत्रीत एक पान अडकवून पाहिलं. फिट्ट बसलं!

नवऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला. "अळी ऑफिसातली दिसते," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी ती फाईल मी गटाच्या आक्कांपुढे उघडली. आक्का म्हणजे साठी ओलांडलेली, कपाळावर आठी घेऊनच जन्मलेली बाई. मला त्या पाहताक्षणी आवडल्या होत्या. त्यांच्या गटात बाहेरचा तपासनीस नाही. शेतकरीच न सांगता एकमेकांच्या रानात जातात, गिऱ्हाइकालाही सोबत नेतात, आणि फवारताना जो सापडेल तो गटाबाहेर. फाटकावरची जागाही गेली. म्हणजे संशय हाच त्यांचा शिक्का!

आक्का हसल्या नाहीत. "ऊठ रं," त्या तरुणाला म्हणाल्या. "तुज्या रानात जायचंय."

"आक्का, आत्ता?"

"मंग काय पत्रिका छापू?"

गटाच्या टेम्पोत मी पुढे बसले, मांडीवर पुरावा. मागे तो, मान खाली घालून. त्याच्या घरापाशी उतरल्यावर मी तडक रानाकडे निघाले, तर आक्कांनी दंड धरला. "रान मागनं. आदी चूल."

फवारणारा माणूस घरच्यापुरता एक वाफा वेगळा राखतो, म्हणून आधी त्याच्या घरात काय शिजतंय ते पाहायचं, अशी त्यांची रीत. आम्ही आत गेलो. त्याची बायको पालक चिरत होती. त्या पालकाला एकही भोक नव्हतं.

आक्कांचा चेहरा उतरला. "घरचा येगळा, बाजारचा येगळा. व्हय रं?"

बायको उसळली. "वाफा येकच हाय, आक्का! घरच्या भाजीला कशाला भोकं पाडायची? आपल्यालाच खायची न्हवं?"

मग तिने जीभ चावली. उशीर झाला होता. फळीवर मिठाच्या बरणीशेजारी कागदांना भोकं पाडायचं पंचिंग मशीन होतं, तोंड हिरवं झालेलं.

"मंग अळी कुटं ग्येली?" आक्का काही सोडत नव्हत्या.

तो आम्हाला घरामागे घेऊन गेला. एका बाजूला गोडाऊनची भिंत, दुसऱ्या बाजूला त्याने कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या, आणि मधल्या पट्ट्यात मच्छरदाण्या! निळ्या, गुलाबी, पांढऱ्या, एकमेकींना शिवून वाफ्यांवर ताणलेल्या. आत पालक साळसूदपणे झोपलेला.

"भाडेकरू खोली सोडताना सगळं नेत्यात, मच्छरदाणी तेवढी ऱ्हाती," तो म्हणाला. "शिफ्ट करून अळ्या वेचायला टाइम भेटत न्हाई. म्हणलं, अंडी घालणाऱ्या पाखरांना आत यूच द्यायचं न्हाई."

"मग सांगायचं नाही का?"

"ताई, नुसतं चांगलं पान बघून तुमी तोंड फिरवता. मच्छरदाणीतलं म्हणलो असतो तर?"

मी हातातली फाईल पाठीमागे धरली. आक्कांकडे मात्र अजून प्रश्न होते. त्यांनी पानं उलटून पाहिली, विहिरीमागे बाटल्या शोधल्या, फवारणीच्या पंपाचं तोंड हुंगलं. नुसत्या कडुलिंबाचा वास आला, आणि तो गटात चालतो. "आन् जाळीला डासाचं औषध?" म्हणत त्यांनी एकेक मच्छरदाणी नाकाला लावली. मीही लावली. इतका सुंदर रविवार मला आठवत नाही.

शेवटी आक्का बांधावर टेकल्या. "फवारलं न्हाईस, म्हून गटात ऱ्हाशील. पर लबाडी केलीस. पुढच्या बारीला येक मच्छरदाणी फाटकाशी टांगायची, आन् भोकांचं सोताच्या तोंडानं सांगायचं." पंचिंग मशीन त्यांच्या पिशवीत गेलं.

पुढच्या रविवारी त्याने सांगितलं. लाल होऊन, पण सगळं सांगितलं. लोक खदखदून हसले. हसून झाल्यावर मात्र पिशव्या घेऊन तसेच उभे. आमच्या मजल्यावरच्या निवृत्त काकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"हुंगलंसुद्धा."

"तुम्हाला जुडी फुकट मिळते का हो?"

मला भरून आलं. माझ्या तोडीचं माणूस शेजारीच राहत होतं!

"काका, बसा टेम्पोत," आक्का म्हणाल्या. "जागा हाय."

काका खरंच गेले. दुपारी चपला चिखलाने माखून परतले आणि त्या तरुणासमोर उभे राहिले. त्याने एक जुडी पुढे केली. काकांनी ती उन्हात धरली, पान न् पान वेगळं करून पाहिलं. एकाला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. त्यांनी ती परत केली आणि दुसरी मागितली.