केळझर, आर्वी आणि मिचमिचणारं मीटर

परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी हे लिहायला बसलो होतो. मग मोबाईलचं चार्जर सापडेना, मग मित्रासोबत पुलगावला गेलो, मग आज लिहू, उद्या लिहू. खरं तर लिहिलं की गाडी गेली हे पक्कं होईल, म्हणून टाळत होतो. आज चहा घेऊन बसलोच.

गाडी बाबांची. बाबा गेल्यापासून आई तिच्यात बसली नाही. मी कायम भटकत, गाडी वर्ध्याच्या अंगणात उभी. त्यात डॅशबोर्डवरच्या मीटरच्या लाइटी मिचमिचायला लागल्या. आई म्हणाली, "इकून टाक. एखाद्या दिवशी पेटन-बिटन." मामानं आर्वीचं गिऱ्हाईक शोधलं. वसंतकाका, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. त्यांची अट एकच, लाइटी का मिचकतात ते त्यांच्यासमोर कळलं पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच होतं, की गाडी जायच्या आधी आईनं एकदा तरी तिच्यात बसावं. नवीन होती तेव्हा बाबांनी ती पहिल्यांदा केळझरच्या गणपतीलाच नेली होती आणि नारळ आईनं फोडला होता.

"आई, चाल न. केळझरपर्यंतच."

"तू जाऊन ये. मले नाई बसवत तिच्यात."

तिनं गाडीच्या खिडकीतून नारळ माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली.

केळझर आर्वीच्या अगदी उलट्या दिशेला आहे, पण माझे रस्ते असेच असतात. नागपूर रोड गुळगुळीत, सकाळी निघालात तर गर्दीही नाही. देऊळ टेकडीवर, खाली चहा चांगला मिळतो. फुलं विकणाऱ्या मावशींनी गाडीकडे पाहिलं.

"पूजा कराची हाय का, दादा?"

"हो मावशी. इकून राह्यलो न आता."

"मंग तू काऊन फोडतं नारळ? इकणारा नाई फोडत. घेणाऱ्यानं फोडा लागते."

नुसता पाया पडलो. नारळ मागच्या सीटखाली सरकवला.

परत वर्धा, मग आंजी-खरांगण्यावरून आर्वी. आंजीत आलुबोंडा खा, वर तर्री मागून घ्या. पुढे रस्ता कुठे मस्त, कुठे नुसते खड्डे. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन कडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस लटकलेला. तो बघायला थांबलो आणि तिथंच अर्धा तास गेला.

ज्यांच्या गाडीला हाच त्रास आहे त्यांच्यासाठी सांगतो. आधी बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुवा, नट आवळा. मी घरीच केलं होतं, फरक पडला नाही. मग बघा, ॲक्सिलरेटर दाबल्यावर उजेड कमीजास्त होतो का? तसं असेल तर चार्जिंगचं काम. माझ्या लाइटी फक्त खड्ड्यात मिचकायच्या. म्हणजे कुठेतरी वायर ढिली.

आणि मिचकताना डॅशबोर्डवरचा छोटा गणपतीही मिचकायचा. त्याच्या पोटात लाल दिवा आहे. लहानपणी मामाच्या गावाहून परतताना मी मागच्या सीटवर आडवा पडून तो लाल उजेड बघत झोपायचो. पुढे बाबा-आई हळू आवाजात बोलत असायचे. काय बोलायचे ते कधी ऐकू आलं नाही.

आर्वीत वसंतकाकांनी आधी गाडीला एक चक्कर मारली, मग मला म्हणाले, "आत घूस बाबू. मी गाडी हालवतो, तू सांग."

मी डॅशबोर्डखाली मोबाईलचा टॉर्च घेऊन उताणा. काका बाहेरून गाडी गदगदा हलवत होते.

"मिचकली?"

"मिचकली."

"एसटीत असतं तर पॅसिंजरच म्हणाले असते, चालू द्या साहेब."

शेवटी सापडलं. गणपतीची वायर बाबांनी स्वतःच मीटरच्या वायरीला पीळ देऊन जोडली होती आणि वर काळ्या टेपऐवजी जखमेला लावतात ती चिकटपट्टी गुंडाळली होती. ती वाळून सुटली होती. काका वाकून बघत म्हणाले, "तुया बापानं वायरीले मलमपट्टी केली का बे?"

मी हसलो. मग थोडा वेळ तसाच खाली पडून राहिलो. बाबांच्या बोटाचा ठसा त्या पट्टीच्या डिंकात अजून होता.

जोड सोडवून टेप मारला. लाइटी शांत. काकांनी स्वतःच गणपती काढून माझ्या हातात दिला. "गाडी घेतली मी. देव तुयाच घरचा. घेऊन जा."

परत एसटीनं आलो, गणपती मांडीवर. आईनं तो पुसला, शोकेसमध्ये ठेवला. दिवा आता लागत नाही. घरात संध्याकाळ झाली की मी उगाच तिकडे बघतो. गाडीचं एवढंच उरलं, असं लिहून थांबणार होतो.

पण आत्ता फाटकात लांबलचक हॉर्न वाजला, स्टँडवरून गाडी मागे घेताना वाजवतात तसा. बाहेर वसंतकाका, बाजूला त्यांच्या मंडळी, आणि काकांच्या हातात आमचा नारळ. सीटखाली विसरलो होतो.

"ताई, आज चतुर्थी. केळझरले चाललो," काका आईला म्हणाले. "गाडी आमची, पण नारळ तुमचा. आम्ही दोघांनीच कसा फोडाचा? बसा पुढं."

आई दारातच उभी राहिली. मग आत गेली. मला वाटलं, झालं, नाही यायची.

शोकेसची काच सरकल्याचा आवाज आला.