चिठ्ठीशिवाय खाट नाही

मालिनी ते खरंच करील, ही धास्ती आठवडाभर माझी पाठ सोडत नाही. मी तिची आई आहे, मला तिचा स्वभाव ठाऊक आहे.

अठ्ठेचाळीस साली ती कल्याण कॅम्पच्या निर्वासितांच्या बराकींत बाळंतपणं करायची. आडोशाला काही नसलं तर स्वतःचं पातळ बांधायची, आणि सिंधी म्हाताऱ्यांकडून शिकलेल्या शिव्या जेवताना आम्हाला ऐकवायची. पुढे बदलापूरला आमच्या ट्रस्टचं प्रसूतिगृह निघालं, तिथे ती व्यवस्थापिका झाली. जागा हरिचंद्रशेठची, म्हणून अध्यक्षही तेच. ट्रस्टची घटना मी लिहिली: धोरण विश्वस्तांनी ठरवावं, रोजचं काम व्यवस्थापिकेनं पाहावं. खाट कुणाला द्यायची हे धोरण की रोजचं काम, ते लिहायचं मला सुचलं नाही.

शेठना सुचलं. त्यांच्या सहीची चिठ्ठी असेल तरच खाट. मालिनी मात्र चिठ्ठी न बघता बायकांना आत घ्यायची. श्रावणात ती दोन दिवस ठाण्याला गेली. बारवी नदीकडच्या पाड्यावरून नवसीला कळा सुरू असताना झोळीतून आणलं. चिठ्ठीशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही, असं शेठ नर्सला परस्पर बजावून गेले होते. नवसी बाहेर ओट्यावरच बाळंत झाली. मूल राहिलं नाही.

सभेत शेठ म्हणाले, "रोजचं काम बाईंचं. आम्हा विश्वस्तांना काय ठाऊक?"

मालिनीनं विचारलं, "मग चिठ्ठीचा नियम काढता?"

"नियम राहील. शिस्त हवी."

बाकीचे विश्वस्त चहा पीत राहिले.

"राहू द्या," ती म्हणाली. "आता मीही तो पाळते."

तिनं नियम मोठ्या अक्षरांत लिहून दारावर लावला. चिठ्ठी नसलेल्या बायकांना ती मागे स्वतःच्या बिऱ्हाडात बाळंत करते. वाट बघतेय ती एकीची. शेठची सून कुंदा, नववा भरलाय. शेठ कल्याणला भावाकडे मुक्कामाला गेलेत. आज कुंदाची सासू विचारायला आली, घरच्या माणसालाही चिठ्ठी लागते का.

"लागते तर," मालिनी म्हणाली. "शेठचाच नियम आहे. आणि माझी खोली गरिबांसाठी आहे."

सासू गेल्यावर मी म्हटलं, "कुंदाचा काय दोष?"

"नवसीचा काय होता?"

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. शेठना हात जोडताना मलाही बघायचंय.

पण कुंदाचं काही झालं तर सभेत पुन्हा तेच वाक्य येईल, रोजचं काम बाईंचं. शेठ रडतील आणि सुटतील. माझी मुलगी जन्मभर सुटणार नाही.

सूड उगवायचा तर ज्याचा दोष त्याच्यावर. रात्री मी अंबरनाथला घरी परतलेय; माझ्या यजमानांच्या कारखान्यामुळे इथे फोन आहे, शेठच्या भावाकडेही आहे. मी आत्ताच कल्याणचा नंबर मागणार आहे. शेठना झोपेतून उठवायला लावीन. सुनेसाठी चिठ्ठी लिहू नका म्हणेन. कागद घ्या आणि मी सांगते ते लिहा: नवसीला खाट माझ्यामुळे मिळाली नाही, यापुढे खाट कुणाला द्यायची ते व्यवस्थापिका ठरवील. खाली सही करा, आणि पहिल्या गाडीनं येऊन तो कागद मालिनीच्या हातात द्या, शेठ. त्या ओट्यावर उभे राहून.