सारजेचा रकाना

जगात आजवर जितक्या बायका होऊन गेल्या, त्या सगळ्यांना आमच्या घरमालकीण काकू ओळखतात. ज्या होऊनच गेल्या नाहीत, त्यांना तर जरा जास्तच. मी हे थट्टेनं लिहीत नाही. इथे छत्तीसगढात, समता कॉलोनीतल्या त्यांच्या घरी वरच्या खोलीत राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं की आज सारजेचं डोकं दुखतंय, जरा हळू चाल. मी दोन दिवस चपला हातात घेऊन जिना चढले. तिसऱ्या दिवशी धीर करून विचारलं, त्या आजींना दवाखान्यात न्यायचं का. काकू म्हणाल्या, "कशी नेशील? तिले जाऊन शंभर वर्षं झाले."

काकूंची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड शाखेत गेली. रिकामा रकाना दिसला की त्यांना जेवण जात नाही. निवृत्त झाल्यावर इतिहासाची पुस्तकं वाचायला घेतली, तर सगळीकडे रिकामे रकानेच. राजा आहे, त्याचे चार मुलगे आहेत, हत्ती किती होते तेही आहे, आणि बायकांच्या जागी कोरा कागद. मग काकूंनी ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं. जुन्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूला त्यांनी सिरपूरच्या देवळासाठी विटा वाहणारी बाई लिहिली, भोसल्यांच्या फौजेमागे डोक्यावर जातं घेऊन चालणारी लिहिली, पहिली आगगाडी पाहून शेण थापायचं विसरलेली लिहिली. राणी मात्र एकही नाही. का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "राणीचं लिहायले भाट होते. तिची कढी कोणं ढवळली ते सांग."

काकूंचं अक्षर काकूंनाच लागतं, आणि तेही त्याच दिवशी. म्हणून दर रविवारी त्या वाचत आणि मी मोबाइलवर टाइप करत असे. मी इतिहास घेऊन बी.ए. करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सर जे सांगतात ते मी सगळं खरं मानते. सर म्हणाले होते की पुराव्याशिवाय इतिहास नाही. मी भीत भीत काकूंना ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "लहानपणी तुह्या आईनं तुले भरवलं, त्याचा पुरावा दाखव. तरी वाढलीच ना तू?" मात्र त्यांचा एक नियम होता, आणि तो त्या देवाच्या शपथेसारखा पाळायच्या. कथेत काहीही लिहावं. रजिस्टरमध्ये खोटं लिहिणं पाप.

कल्पना करायची म्हणजे डोळे मिटून बसायचं, असं मला वाटत होतं. काकूंची पद्धत जास्त मेहनतीची होती. गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात जाऊन त्या पितळेची सगळ्यात मोठी घागर मागत, ती पाण्यानं भरून द्यायला लावत, आणि उचलून दुकानातल्या दुकानात वीस पावलं चालत. दुकानदार पहिल्या वेळी आशेनं, दुसऱ्या वेळी कुतूहलानं आणि तिसऱ्या वेळी दुरूनच विचारायचा, "माताजी, लेना है क्या?" काकू सांगत, "लेना नहीं है भैया, थकना है." पंडरीच्या कापडबाजारात एका ठोक दुकानात त्यांनी दीडशे वर्षांपूर्वीचं लुगडं कसं असेल ते दाखवायला सांगितलं. सगळे तागे उलगडून झाल्यावर तो बिचारा हात जोडून म्हणाला, "दीदी, उतना पुराना माल हम रखते ही नहीं, सेठ डाँटता है."

सारजेवर, म्हणजे नवऱ्याच्या पणजीच्या कोऱ्या जागी त्यांनी लिहिलेल्या बाईवर, त्यांचा विशेष जीव. ती नागपूरकडून बैलगाडीत बसून नवव्या वर्षी या घराण्यात सून म्हणून आली, तिला इथला भात गिळवेना, ज्वारीच्या भाकरीसाठी ती न्हाणीत बसून रडायची, आणि शेजारच्या छत्तीसगढी बाईनं तिला पहिला शब्द शिकवला तो 'हव', म्हणजे हो. सासरी कोणी काही म्हटलं की हव म्हणायचं, आणि मग करायचं ते करायचं. तिचं दुःख कळावं म्हणून काकूंनी महिनाभरासाठी भाकरी सोडली. बाराव्या दिवशी मी दूध ठेवायला खाली गेले, तर त्या ओट्याशी उभ्या राहून भाकरी आणि ठेचा खात होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सारजा नाही खाऊन राहिली. मी खाऊन राहिली."

माझी चूक झाली तीही सारजेवरूनच. काकूंचे मोठे दीर, ज्यांना त्या भाऊजी म्हणतात, घराण्याचा कुलवृत्तांत तयार करत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, वक्तशीर आणि फार साधे गृहस्थ. वंशावळीचा तक्ता टाइप करायला त्यांनी माझ्याकडे दिला. त्यात त्यांच्या पणजोबांच्या शेजारी, पत्नीच्या रकान्यात, काहीच नव्हतं. मी सहा महिने सारजा टाइप करत होते. तिचं माहेर, तिची डोकेदुखी, तिचा न्हाणीतला कोपरा मला पाठ होता. भाऊजी लिहायचे विसरले असतील असं समजून मी तिथे 'सारजा' लिहिलं आणि तक्ता पाठवून दिला. सारजेला काकूंनी घडवलंय हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं आणि आठवणं यात अंतर पडतं.

सर्वपित्रीला भाऊजींकडे श्राद्ध होतं. काकू स्वयंपाकाला आणि मी त्यांच्या हाताखाली वडे थापायला. बाहेर गुरुजी नावं विचारत होते. दरवर्षी पणजीपाशी गाडी अडायची, आणि नाव ठाऊक नाही म्हणून गंगा म्हणायची रीत पडली होती. या वर्षी भाऊजींनी माझा तक्ता डोळ्यांजवळ धरला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "सारजा." काकूंच्या हातातला झारा कढईवरच थांबला. गुरुजींनी ते नाव मंत्रात घेतलं, पाणी सुटलं, पिंडावर तीळ पडले. मग भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांचे डोळे भरले होते. "इतके वर्षं गंगा म्हणून राहिलो. आज आमच्या पणजीले तिच्या नावानं पाणी पोचलं. पोरी, तू शोधलं ना हे?" मी काकूंकडे पाहिलं. काकू वडा उलटत होत्या. तो आधीच काळा झाला होता.

परत येताना ई-रिक्षात त्या नखांत अडकलेलं वड्याचं पीठ काढत बसल्या. घरापाशी उतरल्यावर मी रडतच माफी मागितली. त्यांनी मला ओरडावं अशी माझी फार इच्छा होती. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी खुश आहेत, ते ठीक. पण रजिस्टर आहे ते. उद्या जाऊ."

सकाळी आम्ही दोघी भाऊजींसमोर बसलो. काकूंनी सगळं सांगितलं, चूक माझी असूनही माझं नाव न घेता. त्या म्हणाल्या, अशी बाई नव्हती, किंवा असेल तर मला माहीत नाही, मी मनानं केली. भाऊजींनी तक्ता पुन्हा डोळ्यांजवळ धरला. मला वाटलं, आता ते कागद फाडतील. ते म्हणाले, "अन् गंगा कोण होती?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं.

"तेही आपणच म्हटलं होतं ना? गंगेले तर भात आवडे का नाही, हेही कोणाले ठाऊक नव्हतं. हिचं निदान डोकं तरी दुखे." म्हणजे मी टाइप करून काकूंना दिलेली सारजा त्यांनी कधीतरी वाचली होती, ती खरीच समजून, आणि घरात कोणालाही सांगितलं नव्हतं. शेवटी काकूंच्याच हट्टावरून तक्त्यात दुरुस्ती झाली. मानलेली बहीण असते, मानलेला भाऊ असतो, तसं त्या रकान्यात आता लिहिलंय, 'सारजा (मानलेली)'. खाली तारीख आणि काकूंची आद्याक्षरं. दुरुस्ती करणाऱ्यानं सही करायचीच, हा त्यांचा दुसरा नियम.

त्या दिवशी घरी आल्यावर काकूंनी मला विचारलं, तुझ्या पणजीचं नाव काय. मला सांगता येईना. डोंगरगढला आईला फोन केला. तिलाही येईना. "काहून पाहिजे तुले?" एवढं विचारून तिनं ठेवून दिला, आणि मग थोड्या वेळानं स्वतःच केला. नाव नाही आठवत, पण आजी सांगायची की ती चुलीपुढे डावा पाय लांब पसरून बसायची, आणि कोणीही आलं तरी पाय आवरायची नाही. बस, इतकंच.

मला हे फारच थोडं वाटलं. मी शरमून काकूंना सांगितलं. त्यांनी पाठकोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "थोडं काहून? पाय पसरायले जागा होती तिले. अन् कोणाच्या बापाले भेत नव्हती. इथून सुरू कर."

तो कागद अजून माझ्या वहीत आहे. पाय लिहून झालाय, चूल लिहून झालीय, चुलीवर काय शिजतंय ते अजून दिसत नाही. नावाचा रकाना मी कोराच ठेवलाय. काकू रोज जिन्यात विचारतात, "आज कशी आहे ती?" आणि मी, काय सांगावं ते न कळून, बरी आहे म्हणते.